कुत्र्याचे परदेशगमन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात चिकलठाणा येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत असे सुचविले, तेव्हा नेहमीप्रमाणे विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाप्रसंगी उपदेशपर भाषण करावयाचे असेल, अशी आमची समजूत झाली. त्याप्रमाणे आम्ही दोन पाने लिहूनही काढली होती. परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, उपदेश पुढच्या वर्षी. यंदा खंड्याची हकीकत सांगा.” खंड्या हे आमच्या घरच्या कुत्र्याचे नाव. ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून कुत्र्याचे चरित्र सांगावे हे आम्हांस प्रथम प्रशस्त वाटले नाही. मात्र गेल्या वर्षभरात आपल्यापैकी चार कुटुंबांनी आमच्याकडे येऊन याच विषयाची चौकशी केली, ही गोष्ट खरी. मुले परदेशी जातात, मागे घरात जनावर राहते, आणि त्याचे काय करावे हे कोणास सुचत नाही. तेव्हा एकदाच सर्वांसमक्ष सांगून टाकावे, असे ठरविले.

आम्ही १९७५ साली मॅट्रिक झालो आणि पुढे सारी हयात जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. पशुवैद्यकाचे किंवा कायद्याचे ज्ञान आम्हांस नाही. जे पाहिले, भोगले आणि कागदोपत्री वाचले तेवढेच सांगतो.

आमच्या लहानपणी चिकलठाणा हे शहराबाहेरचे गाव होते. आता एका अंगास औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगास विमानतळ अशा कात्रीत ते सापडले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात विमानतळाच्या भिंतीलगतच्या गटारात एक पिल्लू कुईकुई करीत पडलेले आमच्या चिरंजीवांना दिसले. ते त्यांनी रुमालात गुंडाळून घरी आणले. आमची नात तेव्हा तीन वर्षांची होती. तिने त्याला मांडीवर घेतले, आणि त्या क्षणापासून ते तिचे झाले. जात म्हणाल तर शुद्ध गावठी. रंग मातकट, एक कान उभा आणि एक पडलेला. संध्याकाळचे विमान डोक्यावरून जाऊ लागले की अंगणात उभा राहून तो त्याच्यावर भुंकत असे आणि विमान दिसेनासे झाले की आपणच त्याला पळवून लावले अशा ऐटीने घरात येत असे.

२०२३ च्या जूनमध्ये चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी गेले. निघण्याच्या दिवशी विमानतळाच्या दारात नात खंड्याच्या गळ्याला मिठी मारून बसली, ती उठेना. आत जाण्याची वेळ टळत चालली होती. तेव्हा आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, “तू पुढे हो, बाळ. खंड्या मागून येईल. आजोबांचा शब्द आहे.” शब्द देताना तो पाळण्यास काय लागेल याची आम्हांस तिळमात्र कल्पना नव्हती. मोठी माणसे लहान मुलांना असे शब्द नेहमीच देतात आणि मुले विसरतील अशा भरवशावर राहतात. ही मुलगी विसरली नाही. दर रविवारी दूरध्वनीवर तिचा पहिला प्रश्न एकच असे, “खंड्याचे तिकीट काढले का?”

तिकीट काढावयास गेलो तेव्हा कळले की, भारतातून कुत्रा अथवा मांजर थेट ऑस्ट्रेलियात नेता येत नाही. त्या देशाने जगातील देशांच्या याद्या केल्या आहेत. काही देश रेबीजमुक्त, काही रेबीज आटोक्यात ठेवणारे; या मान्य देशांतून जनावर येऊ शकते. आपला देश मान्य यादीत नाही. म्हणून जनावराने प्रथम एखाद्या मान्य देशात जावयाचे, तेथे सरकारी पशुवैद्याकडून ओळख पटवून घ्यावयाची, रक्ताची तपासणी करावयाची, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून १८० दिवस वाट पाहावयाची, आणि मग ऑस्ट्रेलियात उतरून मेलबर्नजवळील मिकलहॅम येथील सरकारी विलगीकरण केंद्रात आणखी किमान दहा दिवस काढावयाचे. त्या विशाल देशात कुत्र्या-मांजरांचे सरकारी विलगीकरण केंद्र हे एवढेच आहे. माणसाला व्हिसा मिळाला की तो दुसऱ्या दिवशी तेथे जेवावयास जाऊ शकतो. कुत्र्याला मात्र पाऊण वर्ष लागते.

हे वाचून आम्ही रागावलो, हे कबूल केले पाहिजे. आमचा देश यांना नापसंत! जो कुत्रा आमच्या नातीच्या ताटाशेजारी बसून वाढला तो यांच्या दृष्टीने संशयित! आमच्या कुटुंबाने तर सरळ सांगितले की, युधिष्ठिर कुत्र्याला घेऊन स्वर्गाच्या दारी गेला तेव्हा इंद्राने हरकत घेतली खरी, पण त्याच्याकडे दाखला मागितला नाही. यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. परंतु राग शमल्यावर सवयीप्रमाणे पुस्तके उघडली, आणि त्या देशाची भीती कोठून आली हे हळूहळू ध्यानात आले.

१८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या एका इंग्रज जमीनदाराने शिकारीची हौस भागविण्यासाठी विलायतेहून सुमारे दोन डझन ससे मागवून व्हिक्टोरिया प्रांतातील आपल्या रानात सोडले. ससा म्हणजे किती गरीब प्राणी! परंतु त्याला खाणारे कोणी पुरेसे नव्हते. पन्नास वर्षांच्या आत सशांनी निम्म्याहून अधिक खंड व्यापले, गवत मुळासकट खाल्ले आणि मेंढपाळांना देशोधडीला लावले. त्यांना अडविण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी पश्चिम ऑस्ट्रेलियात तीन हजार किलोमीटरांहून लांब कुंपण घालावे लागले, आणि तेही पुरे पडले नाही. पुढे १९३५ साली उसावरील भुंगेरे खाण्यासाठी हवाई बेटांतून बेडकाची एक विषारी जात मुद्दाम आणली गेली. बेडकांनी भुंगेरे सोडून बाकी सर्व खाल्ले. आपल्या भागातील ऊस उत्पादकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि आपण तरी कोणते सुटलो आहोत? गाजर गवत, ज्यास कोणी काँग्रेस गवत म्हणतात, ते प्रथम पुण्यात १९५५ च्या सुमारास आढळले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानतात. आज आपल्या शाळेच्या पटांगणापासून स्मशानापर्यंत ते नाही अशी जागा दाखवा. आम्ही स्वतः दर श्रावणात मुलांकडून ते उपटून घेत असू आणि मुलांच्या हातांना खाज सुटत असे. २०१८ साली कर्नाटकात प्रथम दिसलेली अमेरिकन लष्करी अळी वर्ष-दोन वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या मक्याच्या पोंग्यात येऊन बसली. तिला कोणी पासपोर्ट विचारला नव्हता. तेव्हा दाराशी उभे राहून विचारणारा माणूस हा उद्धटच असतो असे नाही.

त्या दाराशी लहानमोठे पाहत नाहीत, हेही नंतर कळले. २०१५ साली हॉलिवूडचे विख्यात नट जॉनी डेप आणि त्यांच्या तेव्हाच्या पत्नी अँबर हर्ड यांनी आपले दोन चिमुकले कुत्रे खाजगी विमानातून, न सांगता ऑस्ट्रेलियात नेले. तेथील कृषिमंत्र्यांनी जाहीर केले की, कुत्रे परत न्या, नाहीतर ते मारले जातील. कुत्रे मुकाट्याने परत गेले. पुढल्या वर्षी प्रवेशाच्या कागदावर खोटी माहिती भरल्याबद्दल बाईंना न्यायालयात उभे राहून गुन्हा कबूल करावा लागला. हा प्रसंग आमच्या कुटुंबास वाचून दाखविला तेव्हा त्यांचे पुष्कळसे समाधान झाले. नटांचे चालत नाही तर मास्तरांचे न चालण्यात कमीपणा नाही, असे त्यांचे मत पडले.

तर आम्ही तयारीस लागलो. ऑगस्ट २०२३ मध्ये खंड्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसविली. तीत पंधरा आकडी क्रमांक असतो आणि यंत्र जवळ धरले की तो उमटतो. चिप आधी आणि लस नंतर हा क्रम चुकला तर लस धरली जात नाही, हे येथे आवर्जून सांगतो. आपल्यापैकी एका कुटुंबाचा याच चुकीने वेळ गेला. नंतर रेबीजची लस दिली. महिन्याने रक्त काढून तपासणीस पाठविले. लसीने अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती आली की नाही हे त्यात मोजतात. एक मिलिलिटर रक्तद्रवात किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी ती भरावी लागते. दुबईस नेण्यासाठीही ही तपासणी आवश्यक होती, आणि आमचा बेत दुबईमार्गे जाण्याचा होता.

अहवाल आला. आकडा कमी भरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना नापास केले. घरचा विद्यार्थी नापास झाल्याचा हा पहिलाच प्रसंग.

पुन्हा लस, पुन्हा प्रतीक्षा, पुन्हा रक्त, असे करण्यात दोन-अडीच महिने जाणार होते. उन्हाळा लागला की विमान कंपन्या जनावरे नेण्यास तयार नसतात. दुबईतील व्यवस्थाही ठरलेल्या वेळेची होती. अशा वेळी कागदपत्रांचे काम पाहणारे मुंबईचे एक दलाल गृहस्थ दूरध्वनीवर म्हणाले, “गुरुजी, एवढे मनावर कशाला घेता? चांगली लस झालेला दुसरा कुत्रा आपल्याकडे आहे. त्याचे रक्त खंड्याच्या नावाने पाठवू. रक्तावर काय नाव लिहिलेले असते?”

मंडळी, त्या वेळी आम्ही ताडकन नकार दिला असे सांगता आले असते तर बरे झाले असते. आम्ही “उद्या कळवितो” असे म्हणालो. खंड्याला लस तर खरोखरच दिलेली होती. त्याला रोग नव्हता हेही आम्ही जाणून होतो. मग एका आकड्यासाठी मुलीला आणखी किती रडवावयाचे, असा विचार मनात आला. त्या रात्री झोप लागली नाही, आणि जे चाळीस वर्षे कोणापाशी बोललो नव्हतो ते आठवत राहिले.

१९८३ साली आम्ही कन्नड तालुक्यातील एका वस्तीवरील शाळेत होतो. तिसरीत एक मुलगा होता. त्याचे नाव सांगत नाही. अक्षर मोत्यासारखे, आणि पाढे म्हणताना डोळे मिटून घेण्याची त्याला सवय होती. एके दिवशी तो हाताला फडके बांधून आला. विचारले तेव्हा म्हणाला, वस्तीवरचे पिल्लू चावले. आम्ही विचारले, “औषध घेतले का?” तो म्हणाला, “घेतले, गुरुजी.” आम्ही समाधान मानले आणि हजेरी पुढे घेतली. औषध घेतले होते हे खोटे नव्हते. शेजारच्या गावच्या एका जाणत्याने पाला वाटून दिला होता आणि जखमेत तिखट भरले होते. पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने त्या काळी तालुक्याच्या दवाखान्यात मिळत. तेथवर जावयास एस.टी. दिवसातून एकदा होती, आणि इंजेक्शनांची सर्वांना दहशत असे. जखम भरून आली. दीड महिन्याने तो शाळेत आला, पण पाण्याच्या माठाकडे पाहून दचकला. दुपारी त्याला पाणी देऊ लागलो तर घसा आवळल्यासारखा होऊन तो मागे सरकला. आम्ही त्याला घरी पोहोचविले. जलसंत्रास हा शब्द आम्ही वैद्यकाच्या एका जुन्या पुस्तकात वाचला होता. त्या दिवशी त्याचा अर्थ पाहिला. चौथ्या दिवशी तो गेला.

हा रोग एकदा उमटला की त्यावर जगात उपाय जवळजवळ नाहीच. उमटण्याच्या आधी मात्र उपाय शंभर टक्क्यांच्या जवळ जातो: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावयाची, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस, व जखम खोल असल्यास त्याबरोबर सीरम घ्यावयाचे. पोटातील चौदा इंजेक्शने आता राहिली नाहीत, लस दंडावर देतात. पण ठरलेल्या तारखांचे सर्व डोस पुरे केले पाहिजेत. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशातील असतात. बहुतेक लहान मुले आणि गरीब माणसे. आपल्या शेजारच्या गोव्याने गावोगाव कुत्र्यांना लस टोचून २०२१ साली स्वतःस रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. म्हणजे ही गोष्ट आपल्या हातची नाही असे म्हणता येणार नाही.

इंग्लंडचीही एक गोष्ट त्या रात्री आठवली. त्या देशाने कुत्र्यांना मुसक्या बांधून व परदेशी कुत्र्यांना कोंडून १९०२ साली रेबीजचे उच्चाटन केले होते. १९१८ साली पहिल्या महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो पुन्हा आला असे मानतात, आणि पुन्हा निपटण्यास १९२२ साल उजाडले. त्या सैनिकांचेही आपल्या कुत्र्यांवर प्रेमच असले पाहिजे.

पहाटे आमच्या कुटुंबास सर्व सांगितले. त्या मुलाविषयी त्यांनाही ठाऊक नव्हते. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अहो, एवढे थांबलो, आणखी दोन महिने थांबू. पोरीला मी सांगते.” सकाळी आम्ही दलालास नकार कळविला आणि त्यांचे काम थांबविले. पुढे कळले की, मार्च २०२३ पासून ऑस्ट्रेलियाने नियमच असा केला आहे: रक्त काढण्यापूर्वी मान्य देशाच्या सरकारी पशुवैद्याने चिप वाचून हा तोच प्राणी अशी खात्री दिली असेल, तरच विलगीकरण दहा दिवसांचे, नसेल तर तीस दिवसांचे. रक्तावर नाव लिहिलेले नसते हे त्यांनाही आमच्या आधीपासून ठाऊक होते.

दुसऱ्या लसीनंतर खंड्या उत्तीर्ण झाला.

आता दुबईविषयी, आणि हा भाग या मंडळाशी निगडित आहे. सहा महिने कुत्रा ठेवणारी केंद्रे तेथे आहेत, परंतु त्यांचा आकार ऐकून आमच्या चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. तेव्हा आम्ही आपल्या मंडळाच्या मागील स्मरणिका काढून बसलो. तिच्या शेवटी सभासदांची सूची असते. ती कोणी वाचत नाही अशी तक्रार दर वर्षी सर्वसाधारण सभेत होते, म्हणून मुद्दाम सांगतो की आम्ही वाचली. तीत मूळचे जालन्याकडील एक गृहस्थ दुबईस नोकरीस असल्याची नोंद होती. ओळख नाही, देख नाही. आम्ही त्यांना पत्र लिहिले: ज्ञातीच्या नात्याने विचारीत आहोत, नाही म्हणालात तर राग नाही. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. त्यांच्या सौभाग्यवती कुत्र्याला भीत होत्या, घरात देवघर होते, घरमालकाची लेखी परवानगी हवी होती. तरीही ते म्हणाले, “पाठवा, गुरुजी. आमच्या वडिलांनाही एका मास्तरांनीच शिकविले.” ते आज येथे उपस्थित नाहीत आणि त्यांनी नाव घेऊ नये असे बजावले आहे, म्हणून घेत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही उभयता खंड्याला भाड्याच्या जीपमधून मुंबईस घेऊन गेलो. तेथे केंद्र सरकारच्या पशु-संगरोध कार्यालयाकडून देशाबाहेर नेण्याचा दाखला घ्यावा लागतो. पिंजरा कसा असावा याचेही नियम आहेत. आत जनावराला ताठ उभे राहता, वळता आणि अंग टाकून निजता आले पाहिजे. पिंजऱ्याची सवय आम्ही महिनाभर आधीपासून लावली होती, दार उघडे ठेवून त्याला आतच भाकरी देत होतो. हे ज्याने केले नाही त्याचे जनावर प्रवासात वेडेपिसे होते. आमच्या कुटुंबाने नातीचा एक जुना फ्रॉक आत अंथरला. मालाच्या दारातून पिंजरा आत गेला तेव्हा खंड्या भुंकला नाही. डोक्यावरून विमाने जात होती आणि तो आमच्याकडे पाहत होता. परतीच्या वाटेवर आम्ही दोघे नगरपर्यंत एक शब्द बोललो नाही.

दुबईत सरकारी पशुवैद्याने चिप वाचली, रक्त काढले गेले, आणि १८० दिवस मोजणे सुरू झाले. तेथे तो उद्वाहनात बसावयास शिकला, असे कळले. ज्या बाई त्याला भीत होत्या त्या दुसऱ्या महिन्यात त्याला दहीभात कालवू लागल्या. शेवटच्या दीड महिन्यात आणखी तपासण्या असतात, आणि त्यांतील एकीची आम्हांस फार धास्ती होती. गोचिडापासून कुत्र्यांना एर्लिकिया नावाचा रक्ताचा रोग होतो. त्याची खूण रक्तात सापडली तर प्रवेश नाही. आमच्या घराच्या जुन्या भिंतींच्या फटींत गोचीड किती, हे आम्हीच जाणतो. जाण्यापूर्वी वर्षभर आम्ही दर महिन्याला औषध लावीत होतो, फटी लिंपून घेतल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी कंदिलाऐवजी बॅटरी घेऊन त्याचे कान तपासीत होतो. तपासणी निर्दोष निघाली. ज्यांना पुढे असा प्रवास करावयाचा आहे त्यांनी चिप व लसीच्याही आधी गोचिडाकडे पाहावे.

सप्टेंबर २०२४ मध्ये खंड्या मेलबर्नला उतरून मिकलहॅमच्या केंद्रात गेला. तेथे जनावराबरोबर आलेली अंथरुणे, पट्टे, खेळणी नष्ट करतात. नातीचा फ्रॉकही गेला. हे आम्ही आमच्या कुटुंबास अद्याप सांगितलेले नव्हते; आज त्या समोर बसल्या आहेत, तेव्हा आता कळलेच. दहा दिवसांनी चिरंजीव आणि नात त्याला आणावयास गेले. आम्ही ते दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिले. सव्वा वर्षाने भेट होत होती. मुलगी उंच झाली होती. खंड्या धावत येईल असे सर्वांना वाटत होते. तो धावला नाही. त्याने तिचे बूट हुंगले, हात हुंगले, भोवती दोनदा फिरला, आणि मग तिच्या पावलांवर बसला. उठेचना.

या सर्व प्रकारास जो खर्च आला तो काही लाखांत जातो. पैसा चिरंजीवांचा होता. एका गावठी कुत्र्यावर हे द्रव्य घालविण्याऐवजी ज्ञातीतील दोन मुलांची वसतिगृहाची फी भागली असती, असे आपल्यापैकी एका ज्येष्ठ बंधूंनी आम्हांस तोंडावर सांगितले. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे आम्ही म्हणू शकत नाही. आम्ही मुलीला शब्द दिला होता, एवढेच उत्तर आमच्यापाशी आहे, आणि ते पुरे आहे की नाही हे आम्हांस आजही ठरविता आलेले नाही. मात्र चौकशीस आलेल्या चारांपैकी एका कुटुंबाचा कुत्रा तेरा वर्षांचा, हृदयाचा विकार असलेला होता. त्यांना आम्ही स्पष्ट सांगितले की नेऊ नका. त्याला येथेच, ज्या ओसरीवर तो वाढला तेथे, कोणातरी ओळखीच्या माणसापाशी ठेवा. पाऊण वर्षाची ही यातायात त्या जिवासाठी नसून आपल्या मनाच्या समाधानासाठी होईल. त्यांना वाईट वाटले. परंतु त्यांनी ऐकले.

जाता जाता मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांसाठी एक सूचना. ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर लाळ्या-खुरकूत आलेला नाही. आपल्या गोठ्यांतून तो दर काही वर्षांनी काय करतो हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. २०२२ साली शेजारच्या इंडोनेशियात तो पसरला तेव्हा तेथून येणाऱ्या प्रवाशांच्या पायांखाली विमानतळावर जंतुनाशकाची पायपुसणी अंथरली होती. म्हणून बॅगेतील पेढे, साजूक तूप, तुळशीचे बी, ओली हळद, देवाचा हार हे त्यांच्या दृष्टीने कुत्र्याइतकेच संशयास्पद असतात. विमानात जो कागद भरून घेतात त्यावर शंकेच्या प्रत्येक वस्तूपुढे ‘होय’ अशी खूण करावी. सांगितलेली वस्तू फार तर टोपलीत जाते. लपविलेल्या वस्तूसाठी दंड होतो, आणि प्रसंगी व्हिसाही जातो. गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता तेथे गेलो तेव्हा आमच्या कुटुंबाचे डिंकाचे लाडू अधिकाऱ्याने उलटसुलट पाहून परत दिले आणि पेढे ठेवून घेतले. त्या अद्याप त्या पेढ्यांविषयी बोलतात.

मेलबर्नच्या त्या घरावरून विमाने जात नाहीत. खंड्या संध्याकाळी अंगणात उभा राहून काही वेळ वर पाहतो आणि आत येतो.

कागदपत्रांची सर्व फाईल, तारखांसह, आमच्यापाशी आहे. नियम मधून मधून बदलतात, तेव्हा तीवर विसंबून न राहता त्या त्या सरकारची ताजी अट वाचून घ्यावी. ज्या कोणास फाईल पाहावयाची असेल त्यांनी रविवारखेरीज कोणत्याही दिवशी सायंकाळी पाचनंतर घरी यावे. रविवारी नातीचा दूरध्वनी असतो.